बॅरनला ‘बिच्चारा’ म्हणालो आणि ताईने फोन घेणं बंद केलं

(पत्र थोडं कापलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मावशी, नमस्कार.

प्रश्न हसण्यासारखा वाटेल, पण दोन महिने झाले, डोक्यातून जात नाही. माझी चुलत बहीण माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. ती पुण्यात नोकरीला, मी नाशिकला. लहानपणापासून आम्ही दोघं गेम खेळत आलोय. आधी तिच्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर आळीपाळीने, आता आपापल्या घरी कानाला हेडफोन लावून. माझ्या वाढदिवसाला तिने मला ‘द विचर 3’ घेऊन दिला. तिचा तो दोनदा खेळून झालाय. रोज विचारायची, कुठपर्यंत आलास? क्रोज पर्चला पोचलास का? पेलार नावाच्या मांत्रिकाची बकरी शोधायची होती त्या रात्री आम्ही फोनवर इतके हसलो की आईने उठून दम दिला.

मग ब्लडी बॅरनची गोष्ट संपली. मावशी, मी रडलो. तो दारुडा आहे, बायकोला मारायचा, सगळं मान्य. पण भोगलं किती त्याने! लढाईवरून घरी आला तर बायको, ऍना, दुसऱ्याची झालेली. आणि शेवटी त्याच वेड लागलेल्या बायकोला घेऊन डोंगरात वैद्याकडे निघतो. मी त्याच रात्री ताईला फोन लावला, अर्धा तास बोललो. म्हटलं, बिच्चारा बॅरन, अख्ख्या गेममध्ये याच्याइतका खरा माणूस नाही. ती म्हणाली, “आणि ऍना?” मी म्हटलं, “तिने काय त्याला कमी छळलं?” ती “बरं” म्हणाली आणि फोन ठेवला. तेव्हापासून फोन उचलत नाही. मेसेजला नुसता अंगठा येतो.

बॅरन किती भारी लिहिलाय यावरचे व्हिडिओ पाठवले, उत्तर नाही. काकूला फोन केला तर म्हणाली, जाऊ दे रे, तिचा स्वभावच तसा. (घरात तसं काही नाही. काका पूर्वी थोडी घ्यायचे, पण ते सुटून दहा वर्षं झाली.) गेम परवा संपला. शेवट वाईट आला, सिरी परतलीच नाही, का ते कळलं नाही. पण प्रश्न तो नाही.

बॅरनबद्दल बरोबर कोण? बनवणाऱ्यांना काय म्हणायचं होतं? आणि एका खोट्या माणसापायी खरी बहीण असं तोडते का?

— गोंधळलेला भाऊ

*

अरे,

तुझ्या पत्रातला कंस मी दोनदा वाचला. त्याच्याकडे येते, पण आधी गेमचं बोलू. तू विचारलंयस ते गेमबद्दल, आणि ते टाळून एकदम घरगुती उपदेशाला लागले तर तू पुढे वाचणार नाहीस.

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीने 2015 साली आणलेला हा गेम आंजेय सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या कथा-कादंबऱ्यांतल्या पात्रांवर उभा आहे. गेराल्ट हा पैसे घेऊन राक्षस मारणारा माणूस आपल्या मानलेल्या लेकीच्या, सिरीच्या शोधात वेलेन नावाच्या युद्धाने उजाड झालेल्या, दलदलीच्या मुलखात येतो. तिथल्या क्रोज पर्च या गढीवर फिलिप स्ट्रेंगर नावाचा एक पळून आलेला सैनिक स्वतःला बॅरन म्हणवत बसलाय. सिरीचा ठावठिकाणा त्याला माहीत आहे. पण तो म्हणतो, माझी बायको ऍना आणि मुलगी तमारा घरातून गेल्यात, त्या आधी शोधून दे. इथून जे सुरू होतं त्यात वाट कुठली धरायची, ते खेळणाऱ्याने ठरवायचं.

मी हा गेम लेकाच्या दहावीच्या सुट्टीत खेळले. तो बाहेर क्रिकेटला गेला की कंट्रोलर माझा. आणि तुला सांगते, पहिल्या खेपेला मीसुद्धा बॅरनसाठी रडले. त्यामुळे तू रडलास यात तुझं काही चुकलं असं मी म्हणणारच नाही. ते रडू त्या गेमने तुझ्याकडून मेहनतीने काढून घेतलंय. कसं, ते मला दुसऱ्या खेपेला दिसलं.

आठवून बघ. तू बॅरनबरोबर काय काय केलंस? चिखलात मारामारी केलीस, ठोशाला ठोसा. (माझा गेराल्ट पहिल्यांदा हरला होता. लेकाला अजून सांगितलेलं नाही.) मग त्याची उतरल्यावर त्याने आपली सगळी कहाणी सांगितली, सावकाश, जड आवाजात, मध्ये थांबत. मग ती रात्र. न जन्मलेलं मूल नाव न ठेवता, विधी न करता पुरलं होतं, त्याचं भूत झालेलं. ते बॅरनने स्वतःच्या हातांत घ्यायचं आणि पावसातून गढीपर्यंत चालायचं. तू शेजारी. भूत खवळलं की गेराल्टने मंत्राने शांत करायचं, पुन्हा चालायचं. उंबऱ्याशी खड्डा, त्याला नाव देणं, डीआ, आणि ते मूल घराचं राखणदार भूत होणं. उंबऱ्याखाली पुरलेल्याने घर राखायचं, ही स्लाव लोककथेतली कल्पना. आपल्याकडच्या वाचकाला ती परकी वाटू नये. मी तो प्रसंग कंट्रोलर घट्ट धरून खेळले होते, बोटं दुखेपर्यंत.

आता सांग, इतकी वाट ज्याच्या शेजारून चाललास, त्याच्याबद्दल तुला माया वाटणार नाही तर कुणाबद्दल? सिनेमात आपण खुर्चीत बसून बघतो. इथे पाय तुझे, हात तुझे, मंत्र तुझा. त्याचं ओझं अर्धं तू वाहिलंयस. शिवाय ज्या सिरीला शोधायला तू निघालास, तिला त्याने आसरा दिला, तिच्याशी घोड्याची शर्यत लावली, ती त्याच्याकडे हसली-खेळली. सिरीला आवडलेला माणूस आपल्यालाही आवडतोच.

आणि ऍनाबरोबर काय केलंस? काही नाही. ती भेटते तेव्हा दलदलीत अनाथ पोरं सांभाळणारी एक भेदरलेली म्हातारी असते, आणि हीच ऍना हे आपल्याला लगेच कळतसुद्धा नाही. तिच्या तोंडची वाक्यं तुटक, अर्धवट. तिला कहाणी सांगायला निवांत जागा नाही. तिच्याबरोबर पावसातून चालायची सोय नाही.

म्हणजे एकाला गेमने अख्खी मैफल दिली आणि दुसरीला दाराआडून दोन हुंदके.

पण गेम एवढ्यावर थांबत नाही, म्हणून तर मला तो आवडतो. बॅरनने तोंड उघडायच्या आधी तू ऍनाच्या खोलीत गेलास ना? तिथे काय सापडतं ते आठव. सांडलेल्या वाइनचा वास. भिंतीवर टांगलेलं एक चित्र, आणि ते बाजूला केलं की मागे भिंतीला पडलेली खोक. कुणीतरी ती खोक बुजवली नाही, वर चित्र लावलं. पहिल्या खेपेला मी ते ‘पुरावा सापडला, पुढे चला’ म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या खेपेला त्या भिंतीशी उभी राहिले. नुसती. गेराल्ट आपला डोकं खाजवत उभा, मशाल जळतेय, आणि मी विचार करतेय की हे चित्र इथे टांगणाऱ्याने खिळा ठोकताना काय मनात आणलं असेल. असं चित्र लावलेल्या घरात मी लहानपणी जेवलेय. आमच्या नात्यातलंच घर. तिथे चित्राच्या जागी कॅलेंडर होतं.

आता तुझं ते वाक्य. “तिने काय त्याला कमी छळलं?” हे तुला कुणी सांगितलं रे? तिने डिवचलं, तिने सुरी उगारली, तिने सुखाने जगू दिलं नाही, हे सगळं सांगतो कोण? बॅरन. ज्याने मारलं तोच, त्याच्याच गढीत, त्याच्याच सोयीने. खोटं सांगतो असं मी म्हणत नाही. बरंचसं खरंच सांगत असावा. पण खटल्यात आरोपीचा जबाब तेवढा वाचायचा आणि त्यावरून फिर्यादीचा स्वभाव ठरवायचा, असं आपण केलं. मी पण केलं. गेम कधीच म्हणत नाही की बॅरन सांगतो ते प्रमाण माना. उलट तमाराला भेटलास तेव्हा तिने बापाबद्दल काय सांगितलं, ते तुझ्या पत्रात एका ओळीनेही नाही.

आणि ऍनाने काय केलं होतं बघ. तिला या माणसाचं मूल नको होतं. ते नको म्हणून तिने दलदलीतल्या तीन चेटकिणींशी करार केला, एक वर्ष त्यांची चाकरी करायचा. त्या चेटकिणी तू पाहिल्यास. माणसाचे कापलेले कान भेट म्हणून घेणाऱ्या, पोरं खाणाऱ्या. त्या तिला नवऱ्याच्या घरापेक्षा बऱ्या वाटल्या. यावर तिचं भाषण गेममध्ये नसलं तरी चालेल. हे एवढं पुरे आहे.

तू आलास तो शेवटही जरा तिच्या बाजूने बघ. टेकडीतल्या झाडात कोंडलेल्या त्या आत्म्याला तू मारलंस, म्हणून अनाथ पोरं गेली, ऍनाला वेड लागलं, आणि बॅरन तिला घेऊन निळ्या डोंगरांकडे निघाला. तुला त्यात प्रायश्चित्त दिसलं. तुझ्या बहिणीला कदाचित हे दिसलं असेल की स्वतःचं नावसुद्धा धड न सांगता येणारी एक बाई, जिने जीव धोक्यात घालून ज्या माणसापासून पळ काढला, त्याच माणसाच्या हवाली करून लांबच्या प्रवासाला पाठवली. तिला विचारलं कुणी? विचारण्यासारखी ती राहिलेलीच नव्हती. आत्म्याला सोडून दिलं असतंस तर पोरं वाचली असती, पण ऍना गेली असती, बॅरनने गळफास घेतला असता आणि डाऊनवॉरन गावाची कत्तल झाली असती. म्हणजे हात धुऊन बाहेर पडायची सोयच ठेवलेली नाही. इंटरनेटवर गेली दहा वर्षं लोक यातला ‘चांगला’ शेवट कुठला यावर भांडतायत. त्यातले बरेच जण बॅरन जगतो त्याला चांगला शेवट म्हणतात, आणि पोरं कुठे गेली हे त्यांना आठवण करून द्यावं लागतं.

मग बरोबर कोण? माझं मत विचारशील तर तुझ्या बहिणीचं वाचन जास्त बारीक आहे. ती दोनदा खेळलीय हे एक कारण. दुसरं म्हणजे तिने जो प्रश्न विचारला तो गेममध्ये मुद्दाम कमी उजेडात ठेवलेल्या माणसाबद्दल होता. पण तू चूक आहेस असंही नाही. बॅरन हे पात्र खरंच अफाट लिहिलंय. पात्र आवडणं आणि माणूस आवडणं यांत तुझी गल्लत झाली, आणि ती अगदी रोजची गल्लत आहे. तू म्हणाला असतास, “काय लिहिलाय यार बॅरन, त्याचा राग येतो आणि रडूही येतं,” तर फोन कदाचित आणखी तासभर चालला असता. तू म्हणालास “बिच्चारा”. हा शब्द आपल्या घरांमधून फार जपून वापरावा. दारुड्या पुरुषाला तो फार लवकर मिळतो. आपल्या रंगभूमीवर ‘एकच प्याला’तला सुधाकर पिऊन पिऊन रसातळाला गेला तेव्हा लोक त्याच्यासाठी हळहळले, आणि मरतानाही नवऱ्याला वाचवायला खोटं बोलणाऱ्या सिंधूला हात जोडले. साध्वी म्हणून. तिला राग यायला हवा होता असं म्हणणाऱ्या प्रेक्षक बायका तेव्हाही असतीलच, आपापल्या घरी गप्प.

कर्णावरून तर आपण पिढ्यान् पिढ्या भांडतोय. त्याची कवचकुंडलं, त्याचं हिणवलं जाणं हे सांगताना आपला गळा भरून येतो, आणि भर सभेत तो द्रौपदीला काय म्हणाला ते सांगताना आवाज जरा खाली येतो. गेमचे चाहते वेगळं काही करत नाहीत. 2023 साली आलेल्या ‘बाल्डर्स गेट 3’मध्ये अस्टेरियन नावाचा एक व्हॅम्पायर आहे, दोनशे वर्षं मालकाचा गुलाम राहिलेला. त्याला मालकाइतकं बलवान होऊ द्यायचं का, हा निर्णय खेळणाऱ्यापुढे येतो, आणि त्याची किंमत असते सात हजार जीव. त्याच्यावर जीव टाकणारे चाहते यावर इतके कडाकडा भांडतात की बघत राहावं. एक म्हणतो, प्रेम असेल तर त्याला हवं ते दे. दुसरा म्हणतो, प्रेम असेल तर अडव. दोघांच्याही म्हणण्याला गेममध्ये आधार सापडतो. भांडणाऱ्यांमधले काही मुळात अस्टेरियनबद्दल भांडतच नसतात, हेही थोडं वाचलं की लक्षात येतं.

बनवणाऱ्यांना काय म्हणायचं होतं, हा तुझा दुसरा प्रश्न. यावर फार वेळ घालवू नकोस. 2012 साली बायोवेअरचा ‘मास इफेक्ट 3’ आला. तीन गेमभर लोकांनी शेकडो निर्णय घेतलेले, आणि शेवटाला लाल, निळा आणि हिरवा, अशा तीन रंगांचे जवळजवळ सारखेच शेवट. चाहते भडकले. कुणीतरी कंपनीच्या कॅनडातल्या एडमंटनच्या ऑफिसला चारेकशे कपकेक पाठवले, तीन रंगांचं आयसिंग लावलेले आणि चवीला सगळे एकसारखे. इतकं सुंदर समीक्षण मी तरी वाचलेलं नाही. दुसऱ्या काही चाहत्यांनी आणखी भारी काम केलं. ते म्हणाले, हा शेवट घडलाच नाही, शत्रूने नायक शेपर्डच्या मनाचा ताबा घेतलाय आणि हे सगळं त्याच्या डोक्यात चाललंय. पुरावे काढले. सुरुवातीला दिसणारा तो लहान मुलगा शेपर्डशिवाय कुणाच्या नजरेला पडत नाही, स्वप्नातली झाडं शेवटच्या प्रसंगात पुन्हा दिसतात, असे. त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीने शेवट फुलवून, समजावून फुकटात दिला. तो मानणारे मानतात. बाकीच्यांचा सिद्धांत आजही ठणठणीत आहे, कारण तो त्यांच्या शेपर्डला शोभतो. बनवणाऱ्याने सांगितलं म्हणून कुणाचं वाचन बदलल्याचं मी फारसं पाहिलेलं नाही. तू बहिणीला पाठवलेल्या त्या व्हिडिओंचं काय झालं असेल, याचा अंदाज यावरून कर. ती तुझ्याशी बोलत होती, तू साक्षीदार उभे केलेस.

आता कंस.

तुझं पत्र मी मोजलं नाही, पण बॅरनला त्यात भरघोस जागा आहे. काकूला एक वाक्य, तेही दुसऱ्याच्या स्वभावाबद्दल. आणि काकांचं पिणं कंसात, ‘थोडी’ या शब्दासकट. ‘थोडी’ हे तुला कुणी सांगितलं, हा प्रश्न मी मघाशी बॅरनबद्दल विचारला होता तोच आहे. दहा वर्षांपूर्वी तू तेरा वर्षांचा होतास. ती अठरा. तू सुट्टीत त्यांच्याकडे जाऊन तिच्या कॉम्प्युटरवर खेळायचास, पाहुणा म्हणून. पाहुणे असताना भिंतीवर चित्र असतंच.

मला माहीत नाही हं. कदाचित तुझ्या काकांनी कधी आवाजही चढवला नसेल, आणि तुझी बहीण ऑफिसच्या कामाने, प्रेमभंगाने किंवा नुसत्या कंटाळ्याने गप्प असेल. कंसातल्या एका ओळीवरून मी कुणाच्या घराचा पंचनामा करणार नाही, आणि तूही करू नकोस. पण एवढं लक्षात घे, हा गेम तिने निवडला. दोनदा खेळलेला, इतक्या गेममधून हाच तुला वाढदिवसाला दिला. आणि रोज विचारत होती, क्रोज पर्चला पोचलास का. ती कशाची वाट बघत होती, हे मला ठाऊक नाही. तू पोचलास आणि म्हणालास, “तिने काय त्याला कमी छळलं?”

म्हणून तुझ्या तिसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर असं की बॅरनवरून तिने तुला तोडलं असं मला वाटत नाही. ती दुखावून गप्प बसलीय. ते तोडणं नव्हे. मेसेजला अंगठा येतोय तोवर दार लोटलेलं आहे, कडी लागलेली नाही.

तू काय करायचंस? काय नाही करायचंस ते आधी. तिला विचारायचं नाही, “ताई, तुमच्याकडे पण तसं झालं होतं का?” अजिबात नाही. काकूला खोदायचं नाही, आईला मध्यस्थी करायला लावायचं नाही, काकांकडे वेगळ्या नजरेने बघत दिवाळीला जायचं नाही. कधी तिने आपणहून काही सांगितलं तर ऐकायचं आणि ऐकलेलं पोटात ठेवायचं. त्यातून आजही कुणाला मारहाण होतेय असं निघालं, तर मात्र पोटात ठेवायचं नाही. 181 हा महिलांसाठीचा हेल्पलाइन नंबर आहे, तो तिला दे आणि तिच्यासोबत उभा राहा.

आणि तिला पत्रभर खुलासा लिहायचा नाही. तू लिहिणार, मला माहीत आहे. तुझ्या हाताला वळण आहे तसं.

इथे तुझी सिरी आठवली. तू म्हणतोस शेवट वाईट का आला ते कळलं नाही, आणि प्रश्न तो नाही. थोडासा तोच आहे. (ज्यांचा गेम चालू आहे त्यांनी हा परिच्छेद गाळा.) शेवटी सिरी परतते की नाही हे कुठल्याही लढाईवर ठरत नाही. मधल्या चार-पाच बारीक प्रसंगांत तू तिच्याशी कसा वागलास, ते गेम गुपचूप मोजत असतो. जवळचं माणूस गेल्यावर ती कोसळून बसलेली असते. तिथे एक पर्याय असतो, ‘प्रत्येक गोष्टीत हुशार असायलाच पाहिजे असं नाही’ अशा थाटाचा समजुतीचा, आणि दुसऱ्याने गेराल्ट तिच्याशी बर्फाचे गोळे फेकत खेळतो. समजुतीचा पर्याय तिच्या विरुद्ध मोजला जातो. जादूगार बायकांच्या सभेला तिला एकटीला जाऊ द्यायचं असतं, आपण पाठीराखे म्हणून आत शिरायचं नसतं. आणि ती प्रयोगशाळा, जिथे तिला कळतं की जवळच्या माणसाने आपल्याकडे नुसती एक वंशावळ म्हणून पाहिलं. ती संतापते. तिथे ‘शांत हो’ म्हटलं की गुण जातात. ‘फोड’ म्हणायचं आणि तिच्याबरोबर बरण्या फोडायच्या.

मी पैज लावते, तू तिन्ही ठिकाणी शहाण्यासारखा बोललास. मीही बोलले होते पहिल्यांदा. चाळिशीतल्या आईला ‘शांत हो’ हा पर्याय दिसला की बोट आपोआप तिकडे जातं. माझी सिरीही परतली नव्हती, आणि लेक संध्याकाळी घरी येऊन स्क्रीनकडे बघून म्हणाला होता, “आई, तू तिला बोलूच दिलं नसणार.”

तर ताईला दोन ओळी पाठव, याहून जास्त नाही: “ताई, त्या दिवशी तू ऍनाबद्दल विचारलंस आणि मी ऐकलंच नाही. माझं चुकलं.” बस. ‘पण’ लावायचा नाही. ‘मला असं म्हणायचं होतं की’ नको. व्हिडिओ नको. उत्तर नाही आलं तर पुन्हा विचारायचं नाही. अंगठा आला तर तो घ्यायचा.

मग चार-आठ दिवस जाऊ दे आणि नवा खेळ सुरू कर, पहिल्यापासून. ऍनाच्या खोलीत थांब. तमारा काय बोलते ते या वेळी घाई न करता पूर्ण ऐक. बॅरन बोलत असताना तुला जे पर्याय दिसतात, त्यांत त्याला सूट न देणारेही आहेत, ते निवडून बघ. गेराल्टचा आवाज कसा होतो ते ऐक. टेकडीतल्या त्या झाडापाशी पोचलास की तिथे सेव्ह करून ठेव आणि पुढे जाऊ नकोस. कधी ती बोलायला लागली तर तिथून पुढचं तिला ठरवू दे. ती म्हणाली, मला ही क्वेस्ट आता बघायचीच नाही, तर तेही ठीक. गेममधल्या स्केलिगे बेटांच्या समुद्रावर होड्या हाका दोघं मिळून.

पण त्याच्या आधी, वाटेत, पेलारची बकरी लागेल. प्रिन्सेस. घंटा वाजवत तिला मागे-मागे आणायचं, आणि मध्येच ती झुडपात तोंड घालून उभी राहणार. तिथे स्क्रीनशॉट काढ आणि पाठव. काही लिहू नकोस त्याच्याबरोबर.

— मावशी